डायक्स्ट्राला सगळं माहीत करून घ्यायचं नव्हतं

नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला तुम्ही ही ओळ टाइप केली असेल: एरिया १ स्टब. एंटर मारलात, स्क्रीनशॉट जर्नलमध्ये चिकटवलात, सरांची सही घेतलीत, विषय संपला. व्हायवाला कुणी विचारलंच की या ओळीने काय होतं, तर ठरलेलं उत्तर तयार असतं. राउटिंग टेबल लहान होतं. उत्तर बरोबरच आहे. पण त्या ओळीत आपण एका मशीनला नेमकं काय बजावतोय ते बघा. यापुढे बाहेरच्या जगाची सविस्तर बातमी तुला मिळणार नाही, आणि तरीही तुझं काही अडणार नाही.

हे जरा विचित्र नाही का? नेटवर्क म्हणजे माहिती पोचवायची यंत्रणा. तिथे माहिती अडवायची सोय मुद्दाम कशाला ठेवायची?

(नेटवर्किंग शिकत नसाल तरी पुढे वाचा. मीही शिकलेली नाही, मी मास कॉमची आहे. या पानासाठी एका माणसाबद्दल वाचायला घेतलं आणि वाचता वाचता राउटरपर्यंत पोचले.)

तो माणूस म्हणजे एड्सगर डायक्स्ट्रा. आपल्याकडच्या वर्गांत त्याला हमखास डिज्कस्ट्रा म्हणतात. डच भाषेत त्या स्पेलिंगमधल्या आय आणि जे या अक्षरांचा मिळून ‘आय’सारखा एकच उच्चार होतो, म्हणून डायक्स्ट्रा. ओएसपीएफ नावाचा जो प्रोटोकॉल जगभरातल्या कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये चालतो, त्याच्या पोटात या माणसाचा अल्गोरिदम आहे. ओएसपीएफ त्याने बनवला नाही आणि स्टब एरिया ही कल्पनाही त्याची नाही. तरीसुद्धा ती ओळ समजून घ्यायची तर त्याचं आयुष्य फार उपयोगी पडतं, असं माझं मत झालंय. कसं ते सांगते.

जन्म ११ मे १९३०, रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. आईने गणिताची नोकरी अशी कधी केली नाही, पण मुलाच्या डोक्यात गणित कसं शिरलं हे कळायला तिची एक गोष्ट पुरेशी आहे. त्रिकोणमिती अवघड असते का, असं त्याने तिला विचारलं. तिने सांगितलं की सूत्रं नीट पाठ कर, आणि एखादी गोष्ट सिद्ध करायला पाचपेक्षा जास्त ओळी लागल्या तर समज की रस्ता चुकलाय. घरात असं बाळकडू मिळालेल्या या मुलाला व्हायचं मात्र होतं वकील. कायदा शिकायचा आणि संयुक्त राष्ट्रांत नेदरलँड्सचा प्रतिनिधी म्हणून जायचं, हे त्याचं स्वप्न. शाळेचा निकाल इतका चांगला लागला की घरच्यांनी आणि शिक्षकांनी त्याला विज्ञानाकडे वळवलं. (हे दृश्य आपल्या घरांतही काही वेगळं नसतं.) तो लायडन विद्यापीठात गेला आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळला.

१९५१ मध्ये वडिलांनी नेचर या नियतकालिकात एक जाहिरात पाहिली. केंब्रिजला तीन आठवड्यांचा कोर्स होता, इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम कसे लिहायचे याचा. मुलगा एकवीस वर्षांचा. पुढे भौतिकशास्त्रात आकडेमोडीला उपयोग होईल एवढाच हिशोब होता. तो कोर्स करून आला आणि मार्च १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये अर्धवेळ प्रोग्रॅमर म्हणून लागला. तिथे यंत्र तयार करणारे वेगळे आणि प्रोग्रॅम लिहिणारा हा वेगळा. यंत्र अजून जुळवलं जात असायचं आणि हा त्याचे प्रोग्रॅम कागदावर लिहीत बसायचा. चालवून बघू, चुकलं तर दुरुस्त करू, ही चैन नव्हतीच. जे लिहायचं ते डोक्यात आधी पूर्ण बरोबर झालं पाहिजे. ही सवय त्याला जन्मभर राहिली.

तीन वर्षं अशी गेल्यावर तो अडकला. एकीकडे भौतिकशास्त्र, ज्याला इज्जत आहे, पुस्तकं आहेत, प्रोफेसर आहेत. दुसरीकडे प्रोग्रॅमिंग, ज्याच्या मागे ज्ञानाचा पायाच दिसत नाही. यात करिअर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? तो आपले वरिष्ठ व्हॅन वाइनगार्डन यांच्याकडे गेला. त्यांनी कबूल केलं की हो, या विषयाला अजून पाया नाही. पण कॉम्प्युटर आता जाणार नाहीत, आपण अगदी सुरुवातीला आहोत, आणि पाया घालणाऱ्यांपैकी एक तूच का नसावंस? तेवढ्या बोलण्यावर डायक्स्ट्राने ठरवलं. लायडनची पदवी पटकन उरकायची आणि प्रोग्रॅमर व्हायचं.

१९५७ मध्ये त्याचं लग्न झालं. नोंदणीच्या फॉर्मवर व्यवसायाचा रकाना असतो. त्याने लिहिलं, प्रोग्रॅमर. असा व्यवसायच नाही म्हणून अधिकाऱ्यांनी ते नाकारलं. शेवटी तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं. घरच्यांना आपला कोर्स समजावून सांगताना ज्यांच्या नाकी नऊ येतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता त्या प्रसिद्ध वीस मिनिटांकडे येऊ. साल १९५६. सेंटरने आर्मॅक नावाचं नवं यंत्र तयार केलं होतं आणि उद्घाटनाला ते काय करू शकतं हे दाखवायचं होतं. येणारे पाहुणे गणिती नव्हते, त्यामुळे प्रश्नही त्यांना कळेल असा हवा. डायक्स्ट्राने विचार केला की रॉटरडॅमहून खरोनिंगनला जायचा सर्वात जवळचा रस्ता कोणता, हा प्रश्न कुणालाही कळेल. ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेला असताना दोघं दमून एका कॅफेच्या अंगणात कॉफी प्यायला बसले, आणि तिथे त्याने हे कोडं सोडवलं. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. नंतर तो म्हणायचा की कागद नव्हता म्हणूनच उत्तर इतकं साधं झालं. टाळता येईल असा प्रत्येक गुंता टाळावाच लागला.

पद्धत अशी. निघायच्या गावापासून सुरुवात करा. शेजारच्या गावांची अंतरं मांडा. त्यातलं सर्वात जवळचं गाव पक्कं करा, कारण त्याच्याकडे याहून जवळून यायचा दुसरा रस्ता असूच शकत नाही. आता या पक्क्या गावातून पुढे कुठे जाता येतं ते पाहा, आधीपेक्षा कमी अंतर मिळालं तर आकडा बदला. पुन्हा उरलेल्यांत सर्वात जवळचं पक्कं करा. मुक्कामाचं गाव पक्कं झालं की थांबा. एकदा पक्कं केलेलं गाव परत तपासायचं नाही.

प्रात्यक्षिकासाठी त्याने नेदरलँड्सचा नकाशा ६४ शहरांपुरता छोटा केला. ६४ च का? कारण ६ बिट्समध्ये बरोबर ६४ क्रमांक बसतात. त्या काळी यंत्राची मेमरी किती तुटपुंजी असायची हे त्यावरून कळतं. पण मला त्यात त्याचा स्वभावही दिसतो. नकाशात काय घ्यायचं याच्याइतकंच काय गाळायचं हेही त्याने आधी ठरवलं. अल्गोरिदम छापून आला थेट १९५९ मध्ये, एका गणिती नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, जेमतेम तीन पानांत. अल्गोरिदम हा लिहून छापायचा विषय असतो असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं.

इथून राउटरकडे उडी मारू. इंटरनेटचा पूर्वज असलेलं आर्पानेट १९६९ मध्ये सुरू झालं. तेव्हा त्यातली यंत्रं शेजाऱ्याला विचारायची की अमुक ठिकाण तुझ्यापासून किती लांब आहे. म्हणजे सगळा कारभार ऐकीव बातमीवर. वाटेतली लाइन तुटली की जुनी बातमी फिरत राहायची आणि पॅकेट्सही गोल गोल फिरायची. १९७९ मध्ये तिथे पद्धत बदलली. आता प्रत्येकाने फक्त स्वतःच्या लाइन्सची खबर सगळ्यांना द्यायची. सगळ्यांच्या खबरी जोडून प्रत्येकाने आपल्याजवळ पूर्ण नकाशा तयार करायचा आणि त्या नकाशावर स्वतःला मुळाशी धरून डायक्स्ट्राचा अल्गोरिदम चालवायचा. यालाच लिंक-स्टेट म्हणतात. ओएसपीएफ त्याच घराण्यातला. त्याचं पहिलं मानक १९८९ चं, आणि आज वापरात असलेल्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रमाण मानलं जाणारं रूप १९९८ चं.

अडचण कुठे येते? ६४ शहरांपुरतं सगळं छान. पण प्रत्येक राउटरने सगळ्या नेटवर्कचा नकाशा बाळगायचा, आणि कुठल्या तरी कोपऱ्यातली एक लाइन बंद-चालू झाली की सगळ्यांनी गणित पुन्हा करायचं म्हटलं तर नेटवर्क वाढेल तसा हा भार असह्य होतो. म्हणून ओएसपीएफमध्ये नेटवर्कचे एरिया पाडतात. एरिया ० हा कणा, बाकीचे एरिया त्याला जोडलेले. दोन एरियांच्या सीमेवरच्या राउटरला एबीआर म्हणतात. आतल्या लाइन्सचा बारीक नकाशा तो बाहेर जाऊ देत नाही, फक्त गोषवारा पाठवतो. त्यामुळे अल्गोरिदम चालतो तो आपापल्या एरियाच्या नकाशावर.

तरी एक ओझं उरतंच. कंपनीच्या नेटवर्कमध्ये दुसऱ्या प्रोटोकॉलकडून आलेले बाहेरचे मार्ग असतात, कधी हजारोंनी. ते टाइप ५ च्या खबरी म्हणून सगळ्या एरियांत जसेच्या तसे पसरतात. आता कल्पना करा, तालुक्याच्या शाखेत दोन छोटे राउटर आहेत आणि बाहेर पडायला एकच दार आहे. त्या राउटरने हजारो मार्ग पाठ करून करायचं काय? प्रत्येकाचं उत्तर एकच, त्या दाराने जा.

तिथे आपली ती ओळ कामाला येते. ओएसपीएफच्या कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन एरिया १ स्टब असं लिहिलं की एबीआर टाइप ५ च्या खबरी, आणि त्यांच्या उगमाचा पत्ता सांगणाऱ्या टाइप ४ च्या खबरी, आत सोडणं थांबवतो. त्या बदल्यात एकच डिफॉल्ट रूट देतो, चार शून्यांचा. ज्याचा पत्ता तुला माहीत नाही ते सगळं माझ्याकडे पाठव. टेबलात ओ, चांदणी आणि आयए अशी खूण असलेली एकुलती ओळ दिसते ना, ती हीच. सिस्कोच्या राउटरवर याच्याही पुढे जाता येतं. एबीआरवर त्या ओळीला नो-समरी जोडलं की दुसऱ्या एरियांचे गोषवारेही बंद होतात. हा झाला टोटली स्टबी एरिया.

लॅबमध्ये नव्वद टक्के वेळ कुठे फुकट जातो ते मला इंजिनीअरिंगवाल्या रूममेटने सांगितलं (टक्केवारी तिची). स्टबची ओळ एबीआरवर लिहिली आणि आतल्या राउटरवर विसरली, की शेजारधर्मच तुटतो. राउटर एकमेकांना जी हॅलो पॅकेट्स पाठवतात त्यात एक बिट असतो, ई-बिट. बाहेरच्या खबरी मी घेतो की नाही, हे तो सांगतो. दोघांचा ई-बिट जुळला नाही तर ते एकमेकांना शेजारी मानतच नाहीत. म्हणजे काय माहीत करून घ्यायचं नाही यावर एरियातल्या सगळ्यांचं एकमत लागतं. एबीआरवर विसरून चालत नाही आणि आतल्या एका राउटरवरही. नो-समरी मात्र फक्त एबीआरवर पुरतं. शिवाय एरिया ० ला स्टब करता येत नाही, आणि स्टबच्या आत बाहेरचे मार्ग आणणारा राउटर ठेवता येत नाही. तो हवाच असेल तर एनएसएसए नावाचा वेगळा प्रकार आहे.

पुन्हा डायक्स्ट्राकडे. १९६२ मध्ये तो आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. त्याआधी ऑगस्ट १९६० मध्ये त्याने आणि झोनेवेल्ड या सहकाऱ्याने अल्गोल ६० चा कंपायलर पूर्ण केला होता. तो होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलेलं. काम झाल्यावर झोनेवेल्डने दाढी काढली, डायक्स्ट्राने ठेवली ती कायमचीच.

आइंडहोवनला त्याने छोट्या गटाबरोबर एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला टीएचई म्हणतात. तिच्याबद्दलचा लेख १९६८ चा. ती थरांनी बनलेली होती. सर्वात खालचा थर प्रोसेसर कुणाला कधी द्यायचा ते बघतो. त्याच्या वर गेलं की प्रोसेसर किती आहेत याची कुणाला फिकीरच नाही. पुढचा थर मेमरी सांभाळतो, त्याच्या वरच्यांना मजकूर नेमका कुठे ठेवलाय हे कळायची गरज नाही. प्रत्येक थर वरच्यांच्या डोक्यावरचं एकेक ओझं उतरवून ठेवतो. आता ही रचना आणि एबीआरचं काम शेजारी ठेवून बघा. ओएसपीएफ लिहिणाऱ्यांनी हे डायक्स्ट्राकडून घेतलं असा माझा दावा नाही. पण माणसाचं डोकं लहान आहे आणि ते लहान आहे हे धरूनच यंत्रणा बांधायची, हा आग्रह या विषयात सर्वात चिवटपणे कुणी धरला असेल तर त्याने. १९७२ चं ट्युरिंग पारितोषिक घेताना केलेलं त्याचं भाषण याच नम्रतेबद्दल होतं. एका वेळी एकाच बाजूचा विचार करायचा, बाकीच्या बाजू तेवढ्यापुरत्या नजरेआड करायच्या, या पद्धतीला १९७४ मध्ये त्याने नावही दिलं. सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या पेपरात सेपरेशन ऑफ कन्सर्न्सवर टीप लिहा येतं, ते हेच.

हे सगळं कौतुकात झालं असं समजू नका. आइंडहोवनच्या गणित विभागाला त्याच्या कामात रस नव्हता. टीएचईनंतर त्याचा गट मोडला. तो नैराश्यात गेला. त्यातून सावरण्यासाठी त्याने लिहायला घेतलं आणि त्यातून स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरची ती गाजलेली टिपणं तयार झाली. १९६८ मधलं गो-टू विरुद्धचं पत्र त्याआधीचं. त्याचं भांडकुदळ शीर्षक मात्र त्याने दिलेलं नव्हतं, ते संपादक निकलाउस विर्थचं. तसा भांडकुदळपणात तो स्वतः कमी नव्हता. बेसिक शिकलेल्या पोरांची डोकी पुढे सुधारत नाहीत आणि कोबोल शिकवणं हा गुन्हा ठरवावा, अशी विधानं त्याने बिनदिक्कत लिहिली आहेत. बेसिकवर शिकलेल्या हजारो मुलांनी पुढे उत्तम सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा इथे मी त्याच्या बाजूने नाही.

१९७३ पासून तो बरोज कंपनीचा रिसर्च फेलो झाला आणि न्यूनेन गावातल्या आपल्या घरातून काम करू लागला. वर्क फ्रॉम होम, पन्नास वर्षांपूर्वी. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, आइंडहोवनला सहकाऱ्यांबरोबर चर्चा. बाकी वेळ टेबल, कागद आणि फाउंटन पेन. घरात टीव्ही नाही. जगाला प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या या माणसाने उशिरापर्यंत स्वतःचा कॉम्प्युटर घेतला नाही, आणि घेतला तो मुख्यतः ईमेलपुरता. मोझार्ट मात्र होता, आणि पियानो.

म्हणजे त्याने स्वतःचाच एरिया स्टब केला होता म्हणा ना. आणि त्याची किंमतही तीच. स्टब एरियाला दोन दारं असली तर आतल्या राउटरला कळत नाही की या पॅकेटसाठी कुठलं दार खरं जवळचं. तो आपल्याला जवळ असलेलं दार धरतो आणि पॅकेट कधीकधी उगाच लांबून जातं. डायक्स्ट्राच्या लेखांत संदर्भसूची बऱ्याचदा नसायची. इतरांनी काय केलंय ते न बघता तो सगळं मुळापासून मांडत बसतो, अशी तक्रार होतीच. ती खरी असावी. पण त्याच्या टेबलावरून बाहेर जे गेलं त्याचं काय?

बाहेर जायची ती टिपणं. हाताने लिहिलेली, वळणदार अक्षरातली, त्याच्या आद्याक्षरांवरून ईडब्ल्यूडी आणि पुढे क्रमांक. तो त्यांच्या झेरॉक्स काढून थोड्या लोकांना पोस्टाने पाठवायचा. ते आणखी झेरॉक्स काढून पुढच्यांना द्यायचे. राउटर आपली खबर शेजाऱ्याला देतो, शेजारी पुढच्याला देतो, त्याला फ्लडिंग म्हणतात. ही पोस्टातली फ्लडिंग होती. आत येणारं बंद, बाहेर जाणारं चालू. स्टब एरियाचंही तसंच असतं, त्याच्या स्वतःच्या मार्गांचा गोषवारा बाहेर जातच राहतो.

१९८४ मध्ये तो अमेरिकेत ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात गेला आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवलं. खडू आणि फळा, स्लाइड्स नाहीत. परीक्षा तोंडी, एकेका विद्यार्थ्याशी निवांत. सुट्टीत बायकोबरोबर फोक्सवॅगनच्या व्हॅनमधून राष्ट्रीय उद्यानं फिरायची. व्हॅनचं नाव त्यांनी टूरिंग मशीन ठेवलं होतं. विनोद कळला नसेल तर कॉम्प्युटर सायन्सच्या मित्राला विचारा.

१९७४ मध्ये त्याने जेमतेम दोन पानांचा एक लेख लिहिला होता. यंत्रणेतली प्रत्येक वस्तू फक्त शेजाऱ्याकडे बघते, कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही, आणि तरी कितीही बिघडलेल्या अवस्थेतून ती यंत्रणा आपोआप ताळ्यावर येते, हे शक्य आहे असं त्यात दाखवलं होतं. लेखाकडे जवळजवळ दहा वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्टने एका परिषदेतल्या भाषणात त्याचं महत्त्व सांगितलं, तेव्हा कुठे लोक तो वाचायला लागले. २००२ मध्ये त्याच लेखाला पारितोषिक मिळालं. तोपर्यंत डायक्स्ट्राला कॅन्सर झाला होता आणि तो न्यूनेनच्या घरी परतला होता. ६ ऑगस्ट २००२ रोजी तो गेला. पुढच्या वर्षापासून त्या पारितोषिकाला त्याचं नाव आहे.

ईडब्ल्यूडी मालिकेतलं शेवटचं टिपण १३१८ क्रमांकाचं, एप्रिल २००२ चं. टेक्सास विद्यापीठाने ती सगळी स्कॅन करून वाचायला खुली ठेवली आहेत. कुठलंही एक उघडा आणि आधी त्याची पानं मोजा.